तुळशीचा घरजावई

सारजाबाई पडली ती आहेर देताना पडली. करमाडच्या मंगल कार्यालयात नवरा-नवरीच्या स्टेजवर चढताना लाकडी पायरी हलली आणि बाई आडवी झाली. खुब्याचं हाड मोडलं. पण हातातला स्टीलचा हंडा तिनं वरच धरून ठेवला होता, त्याला पोचासुद्धा आला नाही. पडल्या पडल्याच तिनं माईककडं मान वळवली आणि म्हणाली, "बन्सी, आधी नाव पुकार."

माईकवर तिचा भाचाच होता. बन्सीचा धंदाच तो, लग्नात साउंड लावायचा आणि आहेर पुकारायचा. त्यानं पुकारलं, "कैलासवासी पुंजाराम यांच्या पत्नी सारजाबाई यांच्याकडून नवरीला एक हंडा!" आणि त्याच सुरात पुढं म्हणाला, "आणि इथं कोणाची जीप आलीय का, जीप?" लोकांना वाटलं, जीपसुद्धा आहेरात आली. दोघं-तिघं टाळ्या वाजवून मोकळे झाले.

ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं. पैसा लागला नाही, डॉक्टर चांगला, खुबा नवाकोरा. पण सोडताना डॉक्टर म्हणाला, "आता हिला रोज उठवणारं, चालवणारं, शिकलेलं माणूस लागेल. नाहीतर हा खुबा खाटेवरच राहील आणि खुब्याबरोबर ही." ते माणूस कोणत्या योजनेत आहे, असं बन्सीनं विचारलं. डॉक्टरनं पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

अशा रीतीनं आशाबाई आली. राहायची शहरातल्या छावणी भागात, हयात सगळी दवाखान्यांत पेशंट उठवण्या-चालवण्यात गेलेली, रोज सकाळच्या बसनं करमाडला यायची आणि दिवस मावळताना परत जायची. पहिल्या दिवशी तिनं सारजाबाईची खाट बघितली, उशाखालची तंबाखू बघितली, ती उचलून परसात फेकली आणि म्हणाली, "चलो मावशी, उठो. रडायचं आसंल तर उभं राहून रडा."

सारजाबाईला मूलबाळ नव्हतं. पुंजाराम जाऊन बरीच वर्षं झाली होती. बन्सीला शाळेसाठी म्हणून तिनं भावाकडून आणलं, शाळा लवकरच सुटली, बन्सी मात्र आत्याकडंच राहिला. त्यामुळं आशाबाईचा पगार हा बन्सीचा प्रश्न होता आणि बन्सीजवळ उत्तर म्हणून साउंडचं सामान होतं. पहिल्या महिन्याला त्यानं मोठा बॉक्स विकला. दुसऱ्या महिन्याला दुसरा बॉक्स. आत्या एकेक पाऊल पुढं जाई तसतसा बन्सीचा आवाज बारीक होत चालला. शेवटी एक माईक, एक जुना ॲम्प्लिफायर आणि एक भोंगा एवढंच उरलं.

मदतीसाठी त्यानं कमी पायपीट केली नाही. निराधारांच्या पैशासाठी अर्ज द्यायला गेला, तर खिडकीतल्या माणसानं विचारलं, "अर्ज कोणी आणलाय?"

"मी. भाचा."

"मग आधार आहे की."

शहरातल्या एका ट्रस्टवाल्यानं प्रेमानं बसवून चहा पाजला. म्हणाला, मदत करू, फक्त पेशंटनं स्वतः येऊन सही करायची. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.

"जिना चढून आली तर मदत कशाला लागंल, साहेब?" बन्सी म्हणाला.

तो माणूस विचारात पडला. "मुद्दा चांगला आहे. कमिटीपुढं ठेवतो."

भावकीतल्या सगळ्यांनी तर आधीच सांगून ठेवलं होतं, काय लागलं तर सांगा. बन्सीनं जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "नाय, म्हंजी काय लागलं तर म्हनलं होतं. पैशाचं नव्हतं म्हनलं."

दिवाळी झाली आणि आशाबाईनं डब्याचं झाकण लावता लावता सांगून टाकलं, "बन्सी, शहरात एक म्हातारे बोलावू राह्यले. पगार जास्त, बस नाय. मला बी घर हाय, बाबा. कार्तिकी पुनवेपर्यंत येते. तेवढाच पगार जमला तर पुढचं तू बघ."

"आन् आत्या?"

"आत्ता सोडली तर बसली ती बसली." आशाबाईनं आवाज खाली आणला. "आनखी दोन-तीन महिने भेटले ना, तर ही बाई बाजारात जाऊन भाव करंल."

दुसऱ्याच दिवशी बन्सी एका साखरपुड्यात उरल्यासुरल्या भोंग्यावर आहेर पुकारत होता. समोरच्या रांगेत दोन बाया बोलत होत्या. "आपन कशाला येवढी भारी साडी दिली गं?" "आगं, माझ्या लेकीच्या टायमाला तिनं दिलती. फेडाया नको?"

बन्सी पुकारता पुकारता थांबला. भोंगा नुसता गूं करत राहिला. करमाडातून आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून आजवर जेवढ्या लेकी सासरी गेल्या, त्यांच्यातली एकही आत्याच्या हंड्याशिवाय गेलेली नव्हती. हे बन्सीएवढं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? अर्धेअधिक हंडे त्यानंच पुकारले होते. आणि त्यातला एकही फिटलेला नव्हता, कारण आत्याला लेकच नव्हती! अख्खं करमाड आत्याच्या कर्जात होतं आणि सुखानं झोपत होतं!

"आरं पुकार की!" नवरदेवाचा मामा ओरडला.

बन्सी पुकारता झाला, पण पुढचे पाच-सहा आहेर त्यानं सारजाबाईच्याच नावावर पुकारले.

घरी येऊन तो खाटेशेजारी बसला. "आत्या, आपल्याला तुझ्या लेकीचं लगन लावायचंय."

सारजाबाईनं आशाबाईकडं बघितलं. "ह्याला बी काय पडायबिडायचं झालं का? डोकं बघ जरा ह्याचं."

"अंगणातली तुळस," बन्सी म्हणाला. "लेक नसती त्यांनी तुळशीचं कन्यादान करायचं, ही रीतच हाय ना? मंग आपन साधं नाय करायचं. मांडव घालायचा. हळद लावायची. सगळ्या गावाला बोलवायचं."

आत्याला समजायला वेळ लागला नाही. हंडे पुकारले बन्सीनं असतील, दिले तिनं होते. "मी दिलेलं मागून घ्यायचं? माझ्यानं नाय व्हायचं."

"मागायचं कुठं? आपन लगन लावायचं. पुढं ज्याची त्याची लाज."

आत्या कोपरावर रेटून उठून बसली. मग म्हणाली, "मानपान, रुखवत, सगळं करायचं. माझी लेक मी उघडी पाठवनार नाय."

आशाबाई हसून हसून बसली. मग एकदम उभी राहिली. "पन कन्यादान मावशी उभी राहून करनार. मांडवात मला खाट दिसली तर मी त्याच दिवशी जाते."

आता नवरदेव पाहिजे होता. बाळकृष्ण गावात घरोघरी होते, पण वरात काढील असं घर एकच. आप्पासाहेब. ह्यांची जमीन शेंद्र्याकडं कंपन्यांसाठी गेली, पैसा आला, तीन मुलांची लग्नं तीन वेळा बँड लावून झाली, आणि तेव्हापासून चौथ्या मिरवणुकीला काही निमित्त मिळेना म्हणून गृहस्थ नाराजच असे. बन्सी गेला तेव्हा ते ओट्यावर पेपर वाचत होते. बन्सीनं स्थळ सांगितलं. मुलगी गावातलीच, गुणाची, अंगणातली.

"घोडा लागंल," आप्पासाहेब लगेच म्हणाले. "आमच्या देव्हाऱ्यातला देव पायी येनार नाय."

"घोडा तुमच्याकडून."

"बँड?"

"तो बी वरपक्षाकडूनच आसतो."

"फेटे?" आणि आप्पासाहेबांचा चेहरा असा फुलला, की खर्च त्यांचाच आहे हे त्यांच्या लक्षात यायच्या आत बैठक पक्की झाली.

बन्सीनं रिक्षाला भोंगा बांधला आणि गावभर फिरला. "आपल्या सारजाबाई यांची एकुलती एक कन्या! चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी तुळसाबाई! सर्वांनी सहकुटुंब यावं!" वेशीजवळ सांडू नावाचा म्हातारा रिक्षासमोर उभाच राहिला.

"सारजीला लेक कवा झाली रं?"

"लई दिवस झाले, बाबा. अंगनातच व्हती."

"आन् आमाला बारशाचं बोलावनं नाय?" असं म्हणून सांडूबाबा फणकारले. तुळशीचं लग्न आहे हे त्यांना घरच्यांनी संध्याकाळी समजावलं. तरी त्यांचा बारशाचा मुद्दा कायम होता.

लग्नाच्या दिवशी दुपारपासूनच माणसं लोटली. मांडव, ऊस, आंब्याची पानं, आणि मधोमध हळद लावलेली, हिरव्या साडीतली तुळस. सारजाबाई खुर्चीत, जरीचं लुगडं नेसलेली, हातात वॉकर. बन्सी माईकवर. लोक पाकिटं आणतील, पाकिटं जमतील, आशाबाई थांबेल, असा त्याचा सरळ हिशेब.

पहिली आली भागूबाई, समोरच्या घरातली. डोक्यावर काहीतरी झाकलेलं. पदर काढला. हंडा.

"भागूबाई यांच्याकडून नवरीला एक हंडा," बन्सीनं पुकारलं आणि माईक बाजूला धरून म्हणाला, "मावशे, हंडा कशाला? रोख चाललं आसतं."

भागूबाईला राग आला. "तिनं माझ्या लेकीला हंडा दिलता. मी पैसं देऊ? उद्या गाव म्हनंल, भागीनं सारजीचा हंडा पैशात मोजला!"

तिच्यामागं आणखी एक हंडा होता. त्याच्यामागं एक. बन्सीनं मान उंचावून बघितलं. मांडवाच्या दारापासून रस्त्यापर्यंत माणसांची रांग आणि प्रत्येकाच्या डोक्यावर, खांद्यावर, काखेत हंडा. उन्हात अशी चमक मारत होती, की जालना रोडवरून जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी वेग कमी केला. कोणी म्हणे, गावाला पाणी येणार असेल. बन्सी पुकारत राहिला. हंडा. हंडा. हंडा. मधेच एकानं घागर आणली, तर मागच्या रांगेतून आवाज आला, "हंडा घेतलाता, घागर देतो व्हय रं?" तो मुकाट घरी जाऊन हंडा घेऊन आला.

बन्सीचा घसा बसला, पण डोकं चालू होतं. हरकत नाही. हंडा तर हंडा. शहरातल्या भांड्याच्या दुकानदाराला घातले तर बरीच रक्कम येईल. तेवढ्यात बँड वाजला. वरात आली. घोड्यावर आप्पासाहेब, गुलाबी फेटा, दोन्ही हातांत पितळी बाळकृष्ण धरलेला. बाळकृष्ण वीतभर, आप्पासाहेब घोडाभर. उतरताना त्यांनी मांडवात रचलेल्या हंड्यांची उतरंड बघितली आणि डोळे मिचकावून दुसऱ्यांदा बघितली.

गुरुजींनी विचारलं, "कन्यादान कोण करणार?"

"मी," सारजाबाई म्हणाली.

गुरुजी काहीतरी बोलायला गेले, पण आशाबाईनं मधेच गाठलं. "महाराज, मावशी उभी राहते. तुमी कडवी कमी करू नका. जेवढा टाइम उभी, तेवढं चांगलं."

सारजाबाई उठली. वॉकर थरथरला. आशाबाईनं हात पुढं केला आणि परत मागं घेतला. मंगलाष्टकं सुरू झाली. एक संपलं, दुसरं संपलं, तिसरं संपलं. बाई उभी. शेवटचं संपलं तसे गुरुजी थांबले, तर आशाबाईनं बोटानं गोल फिरवून खूण केली. गुरुजींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लोकांच्या अक्षता संपल्या, त्यांनी खालच्या वेचल्या. बँडवाले पिपाण्या तोंडाला लावून ताटकळले. सारजाबाईच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण नजर तुळशीवरून हलेना.

"बस का आत्या?" बन्सीनं विचारलं, तो प्रश्न भोंग्यातून अख्ख्या गावात गेला.

"चालू दे," सारजाबाई म्हणाली.

दुसऱ्या फेरीच्या शेवटी एकदाचं तदेव लग्नं झालं. टाळ्या, बँड, फटाके. आशाबाई पदराआड डोळे पुसून म्हणाली, "देखा? आनखी दोन महिने. फक्त दोन-तीन महिने!"

आणि त्याच वेळी मांडवामागं टेम्पो येऊन लागला. आप्पासाहेबांच्या तिन्ही मुलांनी उतरंडीतले हंडे उचलायला सुरुवात केली.

"ओ! हे काय?" बन्सी धावला.

"नवरीचं सामान," आप्पासाहेब शांतपणे म्हणाले. "तूच पुकारू राह्यला ना मघापासून, नवरीला हंडा, नवरीला हंडा? नवरीचं नवरीबरोबर जातं. रीत हाय."

बन्सीनं टेम्पोला लावलेला हात काढून घेतला. खरंच होतं. लेकीच्या लग्नातली भांडी लेकीच्या सासरी जातात, हे अख्ख्या मांडवाला ठाऊक होतं आणि ह्या एवढ्या खटाटोपात एकट्या बन्सीलाच आठवलं नव्हतं. लोकसुद्धा उचलू लागले. "घ्या, घ्या, सांभाळून, लेकीचं हाय." आशाबाईनं पिशवी काखोटीला मारली. बन्सीकडं बघून नुसती मान हलवली. खुर्चीत सारजाबाई रिकाम्या होणाऱ्या मांडवाकडं बघत होती, आणि तिचा हात आपोआप खुब्यावर गेला होता.

ते बघितलं आणि बन्सीनं माईक ओढला. काय बोलायचं ते त्याला बोलल्यावर कळलं.

"मंडळी, थांबा! एक आनंदाची बातमी! नवरीची आई आजारी. दुसरं लेकरू नाय. एकुलती एक लेक सासरी गेली तर आईकडं बघनार कोन? ह्या गोष्टीचा विचार करून आपल्या जावईबापूंनी मोठ्या मनानं ठरवलंय, की ते सासुरवाडीलाच राहनार! टाळ्या! जावईबापू घरजावई!"

मांडव दणाणला. उचललेला हंडा हातातच राहिला.

"कोनाला इचारून?" आप्पासाहेबांचा फेटा सरकला.

"जावयाला," बन्सी म्हणाला. "ते नाय म्हनले नाहीत. बघा की, हसू राह्यले."

सगळ्यांनी बघितलं. तुळशीशेजारी पाटावर बसवलेला पितळी बाळकृष्ण खरंच हसत होता. तो कायमच हसे, पण आज त्याला कारण सापडलं होतं.

"आमच्या चार पिढ्यांचा देव! आन् घरजावई?" आप्पासाहेब गरजले.

सांडूबाबा पुढं आले. "आप्पासाहेब, तीन लेकं मिरवीत व्हता. चौथं गेलं की सासरी!" बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी म्हणालं, "खर्च बी वाचला, खायला बी सासूच घालनार." हशाचा असा लोट उठला, की घोडासुद्धा दचकला. आप्पासाहेबांच्या डोळ्यांपुढं पुढची सगळी वर्षं उभी राहिली. बाजारात, बँकेत, कंपनीच्या गेटवर, सगळीकडं एकच वाक्य, ह्यांच्या घरचा देव सासुरवाडीला राहतो.

ते सारजाबाईच्या खुर्चीजवळ आले, वाकले, आवाज खाली आणला. बन्सीनं ठेवलेला माईक तिच्या पायाशीच पडला होता आणि चालू होता, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. "विहीनबाई, काय चाललंय हे? देव द्या आमचा."

"न्या की," सारजाबाईचा आवाज भोंग्यातून गावभर घुमला. "लेक बी न्या, हंडे बी न्या. मला एक बी नको. पन लेक नेल्यावर मला उठवनारं, चालवनारं कोन? तिच्या बदल्यात मानूस द्या. ही आशाबाई तुमच्याकडून राहू द्या."

"किती दिवस?"

"मी चालंपर्यंत."

आप्पासाहेबांनी हंड्यांकडं बघितलं, देवाकडं बघितलं, सांडूकडं बघितलं. "ठीक हाय," ते म्हणाले, आणि ते ठीक हाय करमाडच्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं.

आशाबाईनं पिशवी काखेतून काढून खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस यायच्या आत आप्पासाहेब सारजाबाईच्या अंगणात हजर. पगार त्यांच्या खिशातला, चालेपर्यंतचा. तेव्हा बाई जितकी लवकर चालेल तितकं बरं, हे त्यांना रात्रीच उमगलं होतं. "विहीनबाई, उठा. आज त्या लिंबापर्यंत. आनखी दोन पावलं. हां, टाच आधी, टाच!" आशाबाई ओरडायची, "आप्पासाहेब, पेशंटला घाई मत करो." पण मनातून ती खूश होती. एवढा कळकळीचा नातेवाईक तिनं दवाखान्यात उभ्या जन्मात बघितला नव्हता. आप्पासाहेब व्यायाम स्वतः करून दाखवायचे, त्यानं त्यांचा स्वतःचा गुडघा दुखायचा थांबला. घरी दगडाबाई, म्हणजे त्यांची मंडळी, हंड्यांमुळं खोलीत पाऊल टाकायला जागा नाही म्हणून बोलत होती, तेव्हा त्यांनाही अंगणात दिवसभर थांबणं बरं वाटे. आप्पासाहेब आले, की सारजाबाई मुद्दाम कुरकुरायची. ते गेले, की एकटीच लिंबाला फेरी मारून यायची.

संक्रांतीला ती काठी टेकत, आशाबाई आणि बन्सीला मागं ठेवून, चालत आप्पासाहेबांच्या दारात गेली. गाव बघत होता. आप्पासाहेबांना आनंदानं काय करू नि काय नको झालं. "चालल्या! आशाबाई, चालल्या ना? संपलं ना?" त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"लेकीच्या घरचं पानी पीत नसते मी," सारजाबाई म्हणाली आणि लग्नानंतर तुळस आणून लावली होती त्या वृंदावनापाशी गेली. लेकीच्या पानांवरून हात फिरवला. मग वाकून नीट बघितलं. शेंड्याला मंजिऱ्या आल्या होत्या.

"आप्पासाहेब," ती हळूच म्हणाली, "लेकीला दिवस गेलेत."

आप्पासाहेबांचा हात सवयीनं खिशाकडं गेला.

"राहू द्या. पहिलं बाळंतपन माहेरी आसतंय, खर्च आमचा." आणि ती मागं वळून चालायला लागली. बन्सी तिच्याबरोबर पावलं टाकत होता. त्याच्या डोळ्यांपुढं विकलेले दोन्ही बॉक्स उभे राहिले होते.

"आत्या, बारशाला लोक आहेर देतात ना?"

"देतात की."

"तू आजवर काय काय दिलंयस?"

सारजाबाईनं जरा आठवून बघितलं.

"पाळने," ती म्हणाली, आणि काठी उचलून पुढं निघाली.